हिरवी खूण

चौतीस वर्षं एसटी चालवली मी. वैजापूरची गाडी पाच मिनिटं उशिरा पोचली, तर प्रवाशांच्या आधी मलाच राग यायचा. आता म्हातारपणी मला शिकवायला कोण, तर मोबाईलमधली बाई. "घाई नको. श्वासाकडे लक्ष द्या." अगं बाई, घाई कसली? इथं दिवस सरता सरत नाय.

झालं असं, एप्रिलात बीपी वाढलं. छावणीतल्या डॉक्टर शाइस्ता म्हणाल्या, "काकासाहेब, उन्हाळाभर जरा सबुरीनं घ्या. रोज दहा मिनिटं शांत बसत जा." हे मी ऋतुराजला फोनवर सांगितलं आणि फसलो. पोरगा पुण्यात कंपनीत आहे. पुढच्या रविवारी आला आणि माझ्या मोबाईलात ध्यानाचं ॲप टाकून गेला. सकाळी सातला बाई बोलणार, मी बसणार, दहा मिनिटं झाली की हिरवी खूण उमटणार. ती तिकडं त्याच्याही मोबाईलात दिसणार.

आधी तो रोज संध्याकाळी फोन करायचा. "जेवलात का, आप्पा?" एवढंच, पण करायचा. खूण सुरू झाली आणि फोन बंद पडला. एकदा विचारलं, तर म्हणतो, "सकाळी खूण दिसते ना. तुम्ही ठीक आहात हे कळतं, बरं वाटतं." घ्या. दहा मिनिटं गप्प बसायला गेलो आणि पोराचा आवाज घालवून बसलो.

ही जाऊन दोन वर्षं झाली. त्यात हा मे महिना. सुट्ट्या लागल्या की आमची अख्खी बिल्डिंग गावाला जाते. दुपारी कूलर बंद केला तर स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं. मला लई एकटं वाटतं, पण हे मी कुणाला सांगत नाय.

मंगळवारी ठरवलं, आज खूण करायचीच नाय. दिसली नाय की करील फोन. सातला सवयीनं खुर्चीत बसलो, पण बाईला बोलू दिलं नाय. दिवसभर मोबाईल खिशात, अंघोळीला जाताना खिडकीत. झोपायची वेळ झाली तरी वाजला नाय. मग माझं डोकं फिरलं. म्हणलं, आता तू केलास तरी मी उचलणार नाय. मोबाईल बंद केला आणि कपाटात कपड्यांखाली कोंबला. बुधवारभर तसाच.

गुरुवारी अकराच्या सुमारास राहवलं नाय. चालू केला, तर एकवीस मिस्ड कॉलचे मेसेज. बघतोय तोवर हातातच वाजला.

"आप्पा, कुठं होतात तुम्ही?" ऋतुराजचा आवाज रडवेला. "कालपासून फोन बंद. शेजारी कुणी नाही. मी निघालोय, नेवासा फाट्यावर आहे."

नेवासा फाटा. तिथून आमचा नगर नाका सव्वा तास. म्हणजे सव्वाबाराला पोरगा दारात. भात टाकावा, आंबे भिजत घालावेत. इतका आनंद झाला की फोन कानाला धरूनच तांदळाचा डबा काढायला गेलो.

"बोला ना. बरे आहात ना?"

खरं सांगायचं होतं. पण कोणत्या तोंडानं सांगणार, की तुझा आवाज ऐकायला तुला एवढ्या उन्हात पळवलं?

"ठणठणीत आहे मी," म्हणलो. "मोबाईल बिघडला होता."

मग तो चाचरत म्हणाला, "आप्पा, चारला मीटिंग आहे. रजा मिळाली नव्हती, तसाच निघालो. तुम्ही म्हणाल तसं. येऊ, की फिरू माघारी?"

"फिर की," मी म्हणलो. "नोकरी आधी. पण लगेच निघू नको. टायर तापले असतील, जरा सावलीत थांब, पाणी पी."

"मोबाईल दाखवून घ्या दुकानात."

"व्हय."

त्यानं फोन ठेवला. ये म्हणलो असतो तर आला असता. नक्की आला असता तो. मी उठून दाराची कडी काढली आणि सव्वाबारा वाजून जाईपर्यंत तिथंच खुर्ची टाकून बसलो.