चंद्रावरचा खून

जुन्या कॉमिकांमधला गुप्तहेर आणि अंतराळयान एकत्र आणून भाऊ गोष्टी रचायचा आणि बहीण चित्रं काढायची. या वेळी गुप्तहेर चंद्रावर एका बाईच्या खुनाचा तपास करत होता. पहिला भाग छापून आला, तशी एक म्हातारी त्यांच्या खोलीवर आली.

"ही माझी आई," मेलेल्या बाईच्या चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली. "कपाळावरचा व्रणही तोच. तिचा खुनी सापडलाच नाही. तुम्ही दाखवणार ना?"

"अजून ठरवलं नाही, मावशी," भाऊ चाचरत म्हणाला.

बहिणीने मात्र पेन्सिल उचलली. कुणी धरून चालवावा तसा तिचा हात चालत होता. चेहरा पूर्ण झाला.

"बाबा," म्हातारी हळूच म्हणाली आणि कागद घेऊन गेली.

बहिणीने तो चेहरा पुन्हा काढून पाहिला. जमला नाही.