एकाच बाकावर दोन शाळा

शाळेची इमारत पाडून नवी बांधणार म्हटलं की पालकांना आधी आनंद होतो आणि मग घाम फुटतो. शांती नगरातल्या सुभाष पडवळांचंही तसंच झालं. त्यांची अनुष्का त्या जूनमध्ये सहावीत जाणार होती. जुन्या इमारतीचा गिलावा पोरांच्या डोक्यावर पडायची वेळ आली होती, तेव्हा संस्थेने ती पाडायला घेतली हे ठीकच केलं. पण नवी उभी राहीपर्यंत मुलांनी बसायचं कुठे? तर नवघरच्या महापालिका शाळेत. सकाळी तिथली मुलं बसणार, दुपारी आपली.

झालं! सोसायटीच्या गेटवर, भाजीच्या गाडीवर, गिरणीच्या रांगेत दुसरा विषयच नाही. "म्युनिसिपालटीच्या शाळेत?" असं म्हणताना बायका आवाज असा खाली आणत, की कुणाच्या घरी काही विपरीत घडलंय असं वाटावं.

सुभाषराव पालक समितीचे प्रमुख होते. विमा कंपनीत नोकरी, माणूस सरळ, पण पुढारपणाची भारी हौस. परळची चाळ सोडून इथे फ्लॅट घेतल्यापासून आपण चार पायऱ्या वर आलोय आणि पोरीने त्यातली एकही उतरता कामा नये, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सभेत त्यांनी तोडगा सुचवला. दुपारी आपली मुलं बसण्याआधी पालकांनी आळीपाळीने जाऊन सगळी बाकं फिनेलच्या पाण्याने पुसून घ्यायची. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की सुभाषरावांना सगळं जग शहाणं वाटायचं.

घरी येताना उर्मिलाताई तेवढ्या कुरकुरल्या. पुसा हो, पण त्या मुलांच्या डोळ्यांदेखत कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यावर सुभाषरावांनी बायकोला स्वच्छतेवर एक भाषण ऐकवलं. रिक्षा मिळेपर्यंत ते पुरलं.

महापालिका शाळेच्या मुख्याध्यापिका नीलिमाबाई यांच्यासमोर त्यांनी ही मागणी ठेवली, तेव्हा बाई "पुसा की," एवढंच म्हणाल्या. सुभाषराव लढाई जिंकल्यासारखे बाहेर पडले.

शाळा सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर छान सुरू झाली. वर्ग हवेशीर, मागे मोठं पटांगण, चिंचेची झाडं. अनुष्का पहिल्याच आठवड्यात इतकी रमली की जुन्या शाळेचं नावही काढीना. रोज दुपारी दोन-तीन आया ओढण्या कमरेला बांधून बादल्यांसकट हजर व्हायच्या. सकाळची मुलं दप्तरं उचलताहेत तोच यांची फडकी बाकांवर फिरायला लागायची. मुलं बघत बघत बाहेर जायची. त्यांच्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं.

जुलैतल्या एका शनिवारी सुभाषरावांची पाळी आली. फिनेलची बाटली घेऊन ते व्हरांड्यात शिरले, तर मुख्याध्यापिकांच्या दाराशी एक बाई आपल्या मुलीचा हात धरून उभी. नवघर गावातली शेवंती. तिची मिनल सकाळच्या सहावीत होती, अनुष्का बसायची त्याच वर्गात.

"तुमी दुपारवाले का? बरं झालं भेटलात," असं म्हणून शेवंतीने पिशवीतून मुलीचा निळा स्कर्ट काढला आणि त्यांच्यासमोर उलगडून धरला. मागच्या बाजूला च्युइंगमचा हा एवढा गोळा. मग तिने पाढाच वाचला. बाकांत चिप्सची पाकिटं कोंबलेली असतात, शार्पनरचा भुगा सांडलेला असतो, कर्कटकाने नावं कोरलेली असतात. "आमी आता रोज सकाळी येऊन फिनेल मारतो, मंगच आमची पोरं बसवतो. तुमच्या पोरांना काय वळण हाय का न्हाय?"

गावातल्या पालकांनी ठरवलंही होतं. दुपारची शाळा इथून हलवा, असं नगरसेवकाला सोमवारी भेटून सांगायचं.

सुभाषरावांना एक तर धास्ती बसली. शाळा हलली तर अनुष्काने जायचं कुठे? वर्ष सुरू झालेलं, दुसरीकडे प्रवेश मिळणार नाही, आणि मिळाला तरी मैत्रिणी, बाई, सगळं तुटणार. पण धास्तीपेक्षा राग मोठा होता. आमची मुलं घाण करतात? आमची? आमच्या मुलांमागून बाकं फिनेलने पुसतात? त्यांचे कान तापले.

नीलिमाबाईंनी दोघांनाही आत बोलावून बसवलं.

"लागलं ना मनाला, पडवळ?" त्या शांतपणे म्हणाल्या. "लागणारच. पण तुम्हाला आत्ता पाच मिनिटं जे लागलं, ते या मुलांना शाळा सुरू झाल्यापासून रोज लागतंय. मिनल, त्या दिवशी मला काय विचारलंस, ते काकांना सांग."

मिनल आईच्या मागे सरकली. मग जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "आम्हाला काय झालंय, बाई? आम्ही उठलो की पुसतात."

अरेरे! सुभाषरावांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. एवढीशी पोर, आपल्या अनुष्काच्या वयाची, आणि तिला हा प्रश्न पडावा आपल्या हातच्या फडक्यामुळे!

"ही शाळा माझी आहे. तुम्हाला नाही म्हणणं मला अवघड नव्हतं," नीलिमाबाई म्हणाल्या. "तेव्हाच म्हणायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण पुसण्याला माझा आजही विरोध नाही. फक्त वेळ बदला. बसण्याआधी नको, उठताना पुसा. आणि ज्याचं त्याने पुसावं."

सुभाषराव उठले. शेवंतीसमोर त्यांनी हात जोडले आणि मिनलला म्हणाले, "तुला काही झालेलं नाही, बाळा. झालं होतं ते आम्हाला." मग ते वर्गात गेले, गुडघे टेकून बसले आणि पट्टीने बाकांखालचं च्युइंगम खरवडायला लागले. त्यात त्यांच्या लाडक्या लेकीचंही होतं, हे नंतर तिनेच कबूल केलं.

रविवारी समितीच्या सभेत त्यांनी सुचवलं, की मुलांनीच उठताना आपापलं बाक पुसायचं. या वेळी टाळ्या नव्हत्या. आमची मुलं काय झाडूवाली आहेत का, असं एक-दोघांनी सुनावलं. सुभाषरावांनी तो निळा स्कर्ट कसा दिसत होता तेवढं सांगितलं आणि मिनलचा प्रश्न सांगितला. मग ठराव मताला टाकला. सगळ्यात आधी हात वर केला तो उर्मिलाताईंनी.

शेवंती काही लगेच विरघळली नाही. आठवडाभर बघते, मग ठरवते, असं तिने बजावून सांगितलं होतं. मंगळवारी सकाळी ती बादली घेऊन आली, तर बाकं चकचकीत, आत कागदाचा कपटा नाही. बुधवारीही तेच. गुरुवारी ती रिकाम्या हातांनी आली. त्याच दुपारी आपल्या मुलांना सोडायला आलेल्या आया दारातच थबकल्या. सकाळची मुलं घरी जाण्याआधी आपापलं बाक पुसत होती. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. नगरसेवकाकडे कुणी गेलं नाही. पावसाळा सरला, सहामाही झाली, आणि दोन्ही शाळा त्याच बाकांवर सुखाने शिकत राहिल्या.

मंडळी, आपल्या घराबाहेर सगळंच दोन पाळ्यांचं असतं. बाक, जिना, बाग, रस्ता. आपल्या आधी कुणी तिथे बसून गेलेलं असतं, आपल्यानंतर कुणी येणार असतं. आधीच्याने काय ठेवलं हे आपण नाक मुरडून बघतो, मागे आपण काय ठेवतो याकडे वळूनही पाहत नाही. फडकं तेच असतं. बसताना फिरवलं तर कुणाचं तरी मन दुखावतं आणि उठताना फिरवलं तर कुणाचा तरी दिवस चांगला सुरू होतो. तेव्हा उद्या कुठूनही उठाल, तेव्हा एकदा मागे वळून बघा. तिथे आता कुणाची तरी मिनल बसणार आहे.