जामीन राहिलेला पासपोर्ट

उपेंद्रची आई सांगलीला न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा उपेंद्र दुबईत होता आणि त्याचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. सत्त्याण्णव साली हे कुणाला खटकायचं नाही. नोकरी लागली की पासपोर्ट कंपनीकडे जायचा आणि सुट्टी मंजूर झाली की हातात यायचा. आपलाच पासपोर्ट मागायला अर्ज करावा लागतो याची लाज माणसाला पहिल्या वर्षी वाटते, मग सवय होते.

उपेंद्रची अडचण मात्र सवयीपलीकडची होती. त्याची जुनी कंपनी बंद पडली होती आणि रास अल खोरमधल्या टाइल्सच्या कंपनीत तो अकाउंट्स मॅनेजर म्हणून नुकताच लागला होता. नव्या रेसिडेन्सीचा शिक्का पासपोर्टवर अजून बसायचा होता. ‘अंडर प्रोसेस’ म्हणायचे त्याला. असा माणूस ना इथला, ना तिथला.

कंपनीचे सरकारी कागद जमाल बघायचा. अर्ज वाचून तो म्हणाला, “जाओ ना उपेंदर भाई, माँ का काम है. रिटर्न का पेपर मैं एअरपोर्ट पे रखवा दूँगा, इन्शाल्ला. लेकिन तुम्हारा रेसिडेन्सी पेंडिंग है. तुम वापस नहीं आया तो बॉस मेरा गला पकडेगा. कोई पुराना आदमी गॅरंटी साइन करे. तुम आने तक उसका पासपोर्ट तिजोरी से नहीं निकलेगा. तुम आया, खलास.”

म्हणजे जामीनदार आणायचा होता. आता उपेंद्रच्या घरी वडिलांनी पोरांना जेवताना एकच उपदेश केला होता: उपाशी राहा, पण कुणाला जामीन राहू नका. उपेंद्रने तो पाळला होता. जुन्या कंपनीत एका कारकुनाला त्याने याच कारणासाठी नाही म्हटलं होतं, आणि घरी येऊन बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलंही होतं.

तो आधी राजाभाऊंकडे गेला. राजाभाऊ याच कंपनीत सेल्सचे मुख्य, पुण्याचे, शिवाय मराठी मंडळाचे अध्यक्ष. दर वर्षी गणपतीत ते उपेंद्रला आग्रह करकरून मोदक वाढायचे.

“अरे, आईचं ऐकून फार वाईट वाटलं,” राजाभाऊ म्हणाले. “एनी अदर हेल्प, अर्ध्या रात्री ये. पण हे गॅरंटीचं... तत्त्व आहे रे माझं. विचार हिला.”

“हो ना, यांचं पहिल्यापासून तत्त्वच आहे,” विभावरीवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या आणि चहा घेऊन आल्या.

तत्त्वं अशा वेळी फार कामाला येतात. उपेंद्रला राग धरायलाही जागा नव्हती, कारण हे तत्त्व त्याचंही होतं.

मग राहिला जहूर, गोडाऊनचा स्टोअरकीपर. कंपनीत जुना होता आणि रोज सकाळी मालाची चलनं घेऊन उपेंद्रच्या टेबलाशी यायचा, एवढीच ओळख. उपेंद्र गोडाऊनमध्ये गेला.

“जहूर, एक काम था. कैसे बोलूँ...”

“बोला ना साहेब.”

उपेंद्र बघतच राहिला. “तुला मराठी येतं?”

“येणार नाही कसं? खेडचा मी. तुम्ही पहिल्या दिवशी हिंदीत सुरुवात केलीत, म्हणून मी पण हिंदीत.”

उपेंद्रला कानकोंडं झालं. नाव ऐकून भाषा ठरवली होती त्याने, आणि मंडळाच्या वर्गणीला सगळं ऑफिस पालथं घालताना गोडाऊनकडे कुणी फिरकलंही नव्हतं. त्याने खाली बघत गॅरंटीचं सांगितलं.

“आईसाठी जाताय ना? मग विचारायचं काय त्यात,” जहूर म्हणाला आणि लगेच जमालच्या खोलीत जाऊन सही करून आला. “निवांत जा. आईंना बरं करूनच या.”

दुबईतल्या करामा भागातल्या घरी बॅग भरताना उपेंद्रची भीड गेली होती. काम झालं की ती जातेच. त्याच्या बायकोने, मनोरमाने विचारलं, “शेवटी सही कुणी केली?”

“आमच्या स्टोअरकीपरने. काय करणार, अडला हरी गाढवाचे पाय धरी.”

मनोरमा हसली. दहा वर्षांच्या मिहिकाने पुस्तकातून डोकं वर काढलं. “हू इज द डाँकी, बाबा?”

उपेंद्र बॅगेची चेन ओढू लागला.

सांगलीत सगळं चांगलं झालं. ऑपरेशन नीट पार पडलं, आई वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागली. उपेंद्रची सुट्टी संपत आली तेव्हा बहीण म्हणाली, “आलाच आहेस तर पुढच्या शनिवारपर्यंत थांब. शुभ्राचा साखरपुडा आहे. एकुलता एक मामा तू, आणि तूच नाहीस म्हटल्यावर तिकडची माणसं काय म्हणतील?”

मामाला थांबायचंच होतं. त्याने जमालला फोन लावला आणि सांगितलं की आईचं अजून नीट नाही, एक आठवडा वाढवून हवा. आईच्या नावावर खोटं बोलताना त्याने आवाज जरा खाली आणला. जमाल म्हणाला, “माँ है, नो प्रॉब्लम.” जहूरला कळवायचं त्याच्या मनातही आलं नाही. तो दोन वर्षांतून एकदा गावी जाणारा माणूस. आत्ता तो कुठे जाणार होता?

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जहूर करामाला त्यांच्या दाराशी येऊन उभा राहिला. मनोरमा त्याला पहिल्यांदाच बघत होती.

“वहिनी, साहेब कधी येतात?”

“शनिवारी आमच्या भाचीचा साखरपुडा आहे. तो झाला की लगेच निघतील. काही काम होतं का?”

जहूरने मान हलवली. “नाही, सहज. आईंचं कसं आहे?”

“छान! वॉकर घेऊन चालतात. साखरपुड्यात खुर्ची टाकून पुढे बसणार आहेत म्हणे.”

“अल्लाची मेहेरबानी,” जहूर म्हणाला.

मनोरमाने पाणी आणून दिलं. त्याने ते उंबऱ्याबाहेर उभ्यानेच प्यायलं, पेला परत दिला आणि तो जिना उतरून गेला. आत या म्हणायचं तिला सुचलं नाही. त्या रात्री फोनवर तिने उपेंद्रला सांगितलं, “अहो, तुमचा तो जहूर येऊन गेला. आईंची चौकशी करत होता.”

“माणूस चांगला आहे,” उपेंद्र म्हणाला, आणि साखरपुड्याला किती पानं होणार ते सांगू लागला.

तो परतला, ऑफिसात गेला आणि पेढ्यांचा डबा जमालच्या टेबलावर ठेवला. जमालने डबा उघडला नाही.

“तुम्हारा माँ ठीक?”

“अब ठीक है.”

“अल्हम्दुलिल्ला. जहूर का माँ खलास हो गया. शनिवार को.” जमालने तिजोरीकडे बोट केलं. “चार दिन सीरियस था. रोज सुबह इधर आके खडा रहता था, जमालभाई, पासपोर्ट दो. मैं क्या करेगा, साइन किया है. आखरी दिन भी मैं बोला उपेंदर को फोन कर, वो एक दिन में आ जाएगा. वो बोला, नहीं, साहेब की माँ भी बिस्तर पे है, उसको कैसे बुलाऊँ.”

उपेंद्र खुर्चीत बसला. जहूर हे जमालला म्हणाला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. आई चालतेय, साखरपुडा आहे, मामा पेढे वाटायला थांबलाय, हे मनोरमाने स्वतःच्या तोंडाने त्याला सांगितलं होतं. तरी त्याने उपेंद्रचं खोटं उघडं पाडलं नाही. स्वतःची आई जात असताना त्याने उपेंद्रची अब्रू झाकली. आणि उपेंद्रने त्याला घरात काय म्हटलं होतं? आपल्याच तोंडची ती म्हण त्याला आठवली. लाज इतकी अंगावर येते हे त्याला माहीत नव्हतं. कान तापले, हात कुठे ठेवावेत कळेना.

जहूर गोडाऊनमध्ये खोके मोजत होता. दाढी वाढली होती.

“जहूर, मला एक फोन करायचास रे. मनोरमाला तरी सांगायचंस. मी त्याच रात्री निघालो असतो.”

“घरात मंगलकार्य होतं साहेब. पोरीचा साखरपुडा. असल्या वेळी मरणाची गोष्ट कशी काढायची कुणाच्या दारात? आमच्याकडे पण नाही काढत.” मग त्यालाच उपेंद्रची दया आल्यासारखा म्हणाला, “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. वेळ आली होती तिची.”

“मला माफ कर,” उपेंद्र म्हणाला. ते शब्द त्याला स्वतःलाच फार स्वस्त वाटले. घरी त्याने मनोरमाला सांगितलं तेव्हा ती ओट्याशी उभी राहून रडली. “मी त्याला आतसुद्धा घेतलं नाही हो,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

महिनाभरात उपेंद्रच्या पासपोर्टवर रेसिडेन्सीचा शिक्का बसला. जमालने तो उघडून दाखवला, मुबारक म्हणाला. त्याच खोलीत उपेंद्रला कळलं की जहूर आईच्या चाळिसाव्याला गावी चाललाय. वेळेआधीची सुट्टी, म्हणून त्यालाही जामीन लागणार होता.

उपेंद्र गोडाऊनकडे निघाला. आता त्याची सही चालणार होती. वडिलांचा उपदेश गेला खड्ड्यात. पण अर्ध्या वाटेत त्याच्या मनात आलं, हा किती दिवस राहील तिकडे? मध्येच आईला काही झालं तर? तो जागच्या जागी थांबला. एवढं सगळं होऊनही आपल्या मनात आधी हेच यावं, याची त्याला स्वतःची किळस आली. मग तो भराभर चालत आत गेला.

“जहूर, तुझ्या गॅरंटीवर मी सही करतो. शिक्का झालाय माझा.”

“कळलं मला. पण सही झाली साहेब, वलीने केली,” जहूर म्हणाला. वली म्हणजे त्यांचा फोर्कलिफ्ट चालवणारा पठाण.

“अरे, मला विचारायचंस! मी आलो नसतो का?”

“आला असतात. पण वलीचं गावाकडे कुणी उरलं नाही. तुमच्या आई म्हाताऱ्या आहेत, आत्ताच पडल्यात. उद्या काही झालं तर तुम्हाला लगेच निघता यायला हवं.” जहूरने हातातलं खोकं फळीवर सरकवलं. “तुमचा पासपोर्ट मोकळाच असू द्या.”

उपेंद्रने त्याच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. सापडला असता तर त्याला फार बरं वाटलं असतं.