एक्याऐंशी पाकळ्यांचा हिवाळा

खरं सांगतो, हे लिहायचंच नाही असं जवळपास ठरलं होतं. ल्वान मास्तर माझ्याच वयाचा, मनानं चांगला, आणि यात चूक त्याची. पण राहवेना.

वर्षातला सगळ्यात छोटा दिवस आला की आमच्याकडे, इथे थंड उत्तरेत, पहिलीच्या प्रत्येक पोराला एक चित्र मिळतं. फांदीवर नऊ फुलं, फुलाला नऊ पाकळ्या. रोज एक रंगवायची. ऊन असेल तर लाल, ढग असतील तर निळी, पाऊस असेल तर हिरवी, बर्फ पडला तर पांढरीच सोडायची. सगळी रंगली की थंडी संपली.

सोळाव्या दिवशी ल्वान चित्रं तपासत फिरत होता. मियाओच्या बाकाशी पोरं खिदळत होती.

"सर, हिच्या घरी पाऊस पडला! उणे पंचवीसमध्ये!"

"छत्री आणलीस की नाही गं?" ल्वानही हसला.

मियाओ हसली नाही. "हा आईकडचा पाऊस आहे," ती हळूच म्हणाली.

आई मेइलान लांब दक्षिणेत, बुटांच्या कारखान्यात. पोर रोज संध्याकाळी फोनवर तिकडचं हवामान विचारायची आणि पाकळी भरायची. ल्वानला कौतुकच वाटलं. पण गेल्या पाच दिवसांच्या पाकळ्या कोऱ्या.

"हे काय? तिकडे बर्फ पडला?"

"तिकडे बर्फ नसतो, सर. बाबांचा फोन बिघडलाय." आणि तिचे डोळे भरले.

रडणारं पोर ल्वानला बघवत नाही. पटकन बोलून गेला, "अगं, आईनं मलाच फोन केला होता! पाचही दिवस ऊन होतं म्हणाली. भर लाल."

"खरंच? माझी आठवण काढली?"

"काढली की. सारखी."

तिनं इतक्या जोरात रंगवलं की खडू मोडला.

शाळा सुटली. फाटकाशी तिचा बाप दाहाई उभा. ल्वान आणि तो शाळेत एकाच बाकावर बसायचे.

"बाबा, आईनं सरांना फोन केला! तिकडे रोज ऊन होतं!"

दाहाई ल्वानकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "जा गं, बर्फावरून दोनदा घसरून ये." ती पळाली.

"काय बोललास तू तिला?"

"अरे, रडत होती म्हणून..."

"मेइलान गेली, ल्वान. पाच दिवस झाले. डोक्यातली नस फुटली. तिच्या भावानं तिकडेच सगळं उरकलं. उद्या मी अस्थी आणायला निघतोय."

पलीकडे मियाओ मैत्रिणीला ओरडून सांगत होती, आईनं माझी आठवण काढली, सारखी!

"आता तूच सांगत जा तिला," दाहाई म्हणाला. "ऊन, पाऊस, काहीही. वसंतातलं नवं वर्ष होईपर्यंत. तुझं खरं वाटतं तिला."

"नाही रे. एकदा बोललो तेच गळ्याशी आलंय."

"मग मी कसं सांगू? माझं तोंडच उघडत नाही!" दाहाईनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि हुंदके द्यायला लागला. येणारेजाणारे बघत होते. ल्वाननं त्याची बाही घट्ट धरली.

"आज सांगू. तुझ्या घरी, जेवणाआधी. मी खोटं बोललो हे आधी मीच सांगतो. मग तू बोल. अडलास तर पुढचं मी बोलेन. तिनं मला मारलं, घराबाहेर हो म्हणाली, तरी मी उठून जाणार नाही. शब्द देतो, दाहाई."