अकरावा स्क्रू

आमच्या बैठकीतल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात एक जुना स्टिरिओ रिसीव्हर होता, म्हणजे स्पीकरांवर वाजणारा रेडिओ. रुपेरी तोंडाचा, लाकडी अंगाचा, भरल्या बादलीइतका जड आणि तीस वर्षं मुका. माझं त्याच्याशी वैर नव्हतं. पण आमची लेक ठकी दहा महिन्यांची झाली, रांगायला लागली आणि तिने पहिली मोहीम काढली ती थेट त्या खणावर. एका सकाळी ती त्याची वायर चघळताना सापडली. वायर प्लगला लावलेली नव्हती, हे मला नंतर दिसलं. घाम आधी फुटला.

"एक तर तो राहील, नाहीतर मी," मी नवऱ्याला म्हटलं.

"तू गेलीस तर ठकीच्या झोपेची वही कोण लिहिणार?" तो म्हणाला आणि त्याने रविवारी अकरा वाजता भंगारवाल्याला बोलावलं.

सासरे हे ऐकत होते. बाबा आयुष्यभर ड्राफ्ट्समन. राग आला की आवाज चढवत नाहीत, पेन्सिलीला टोक करतात. त्यांनी टोक केलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "रविवारपर्यंत मुदत द्या. वाजला तर वरच्या फळीवर, ठकीचा हात पोचणार नाही असा. नाही वाजला तर मी स्वतः उचलून देतो."

त्याचा आजारही चमत्कारिक होता. दुरुस्तीच्या दुकानात नेला की खणखणीत वाजायचा, घरी आणला की मुका. बाबांनी तीनदा नेला. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "साहेब, राहू द्या इथेच, रमलाय तो." तो अपमान बाबा विसरले नाहीत. आपल्या घरची वीज त्याला मानवत नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी विषय मिटवला.

गुरुवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून त्यांनी तो उघडला. मी पहाऱ्याला. झाकणाचे स्क्रू अकरा. ते मी डबीत घातले आणि दर अर्ध्या तासाने मोजत राहिले.

"सूनबाई, स्क्रू पिल्लं देत नाहीत," बाबा म्हणाले.

"कमी होतात ना पण. ठकीच्या पोटात."

त्यांनी ब्रशने आतली धूळ काढली. प्रत्येक नॉबच्या बुडाशी स्प्रे मारून तो पन्नास वेळा मागेपुढे फिरवला. गेलेला दिवा बदलला. शुक्रवारी संध्याकाळी डायल कोऱ्या चहाच्या रंगाने उजळली. स्टेशन लागलं की तिच्यातला काटा टुणकन उजवीकडे उडी मारायचा. आवाज मात्र नाही.

"ऐकू येतंय त्याला," बाबा हळूच म्हणाले. "बोलत नाही नुसता."

"रुसला असेल," नवरा म्हणाला. "सोडा आता, बाबा."

 बाबा काट्याकडे बघत राहिले, एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

मी मात्र सासूबाईंकडे बघत होते. टेबलावर पाण्याचा थेंब सांडला तरी फडकं घेऊन धावणाऱ्या आई दोन दिवसांत तिकडे फिरकल्या नव्हत्या. आणि रिसीव्हरच्या तोंडावर सहा बटणं होती. आई ते तोंड रोज पुसायच्या, म्हणून बाबांनी ते पुसलं नव्हतं. पाच बटणं लखलखीत. सहावं, 'टेप' लिहिलेलं, आत दाबलेलं, त्याच्याभोवती मळाचं काळं कडं. फडकं तीस वर्षं त्याला वळसा घालून गेलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. "आई, ते टेपचं बटण तुम्ही पुसत का नाही?"

आईंनी गॅस बारीक केला. "कुठलं?"

"आत दाबलेलं."

"दार लोट आधी," त्या म्हणाल्या.

मी दार लोटलं.

"तुझा नवरा तेव्हा ठकीएवढा. पाऊण तास मांडीवर हलवावा तेव्हा कुठे डोळा लागायचा. आणि लागला रे लागला, की हे जेवायला घरी यायचे आणि त्या डब्याचा कान पिळायचे. ताटं हलायची गं."

"मग सांगायचं ना त्यांना."

"सांगितलं. म्हणे संगीताने मूल शहाणं होतं. तू बघतेसच केवढं झालंय ते. एके दिवशी मी चिडून दिसेल ते बटण दाबत सुटले. सहावं दाबलं आणि घर गार."

ते बटण दाबलं की रिसीव्हर फक्त जोडलेल्या टेपरेकॉर्डरचंच ऐकतो, बाकी सगळ्याला बहिरा. आमच्याकडे टेप कधी जोडलाच नव्हता, त्यामुळे बाबांनी त्या बटणाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"आणि दुकानात कसा वाजायचा?"

"नेताना नीट पुसून मीच द्यायचे ना. परत आला की बटण पुन्हा आत," आई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "आठवडाभरच करणार होते. आठवड्याने सांगता येतं. वर्षाने कसं सांगायचं? पण तो भंगारात जावा असं नाही गं माझ्या मनात. काल रात्रीपासून ते नीट जेवले नाहीत."

मी रागवायला हवं होतं. पण ठकीच्या झोपेसाठी रोज दुपारी दारावरची बेल बंद करून ठेवणारी मी कोणत्या तोंडाने रागावणार?

रविवारी साडेदहाला बाबा झाकण बसवत होते. मी एकेक स्क्रू त्यांच्या हातात देत होते. दहा दिले. अकरावा मुठीत. ठकी घरात असताना सुटा स्क्रू हातात ठेवणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. तीनदा मूठ उघडून पाहिली. बाबांनी स्पीकर जोडले, प्लग लावला, आवाजाचा नॉब शेवटपर्यंत फिरवला. काटा उडाला. बाकी शांत.

"बोलाव त्या भंगारवाल्याला," ते नवऱ्याला म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

"बाबा, एक स्क्रू राहिला," मी म्हटलं. "मागचा, कोपऱ्यातला."

ते मागे वाकले. आई फडकं घेऊन समोर आल्या. बाबांनी स्क्रूला शेवटचा पीळ दिला आणि फडक्याखाली टक् झालं.

एक बाई उद्याचं हवामान सांगायला लागल्या, सगळ्या गल्लीला. बाबांनी धडपडत नॉब खाली आणला. मग व्हायोलिन सुरू झालं, खालून तबला, आणि तो आवाज आमच्या फोनमधून येतो तसा टोचत नव्हता. खोलीत येऊन बसला. ठकी कपाटाला धरून उभी राहिली आणि गुडघ्यांत वाकून नाचायला लागली.

"एक ढिला स्क्रू," बाबा म्हणाले. "तीस वर्षं. आणि मी विजेला नावं ठेवत होतो."

आईंनी फडकं झटकलं.

रिसीव्हर आता वरच्या फळीवर असतो. तिथे ठकीचा हात पोचत नाही, आईंचाही नाही, माझा पोचतो. दुपारी ठकी पेंगली की आई म्हणतात, "अगं, धूळ बसली बघ त्याच्यावर." मी पुसून येते. बाबा म्हणतात, "पुन्हा ढिला झाला वाटतं," आणि वर्तमानपत्र उघडतात.

काल ठकी उठल्यावर बाबा स्टूल घेऊन फळीशी गेले. मी दारातून पाहिलं. स्क्रू ड्रायव्हर हातात होता, पण तो स्क्रूला लावलेला नव्हता. ते माझी वाट बघत होते.

"घे पुसून," बाबा म्हणाले. "मग घट्ट करतो."