सफाचटकाकांची बाग

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनीही या, भिंतीला टेकलात की डुलक्या लागतात. एका न्हाव्याची गोष्ट सांगते.

या न्हाव्याने उभा जन्म दुकानात काढला. गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की याचा झाडू फिरलाच. फरशीवर एक केस राहिला तरी जेवण गोड लागायचं नाही. गल्लीने नाव ठेवलं सफाचटकाका. पुढे दुकान मुलाकडे देऊन काका घरी बसले आणि त्यांचा झाडू परसबागेत शिरला. पान पडायचा अवकाश, काका हजर. जमीन अशी गुळगुळीत, की कोंबडीने घसरून पडावं.

पण बागेतलं लिंबाचं झाड सुकत चाललं. काकूंच्या बहिणीने वारण्याआधी दिलेलं रोप ते, तिची दुसरी खूण घरात नव्हती. काका दोन्ही वेळा पाइप धरत. पाणी टणक मातीवरून थेट गटारात. काकू रोज फांदी चाचपून बघत आणि तशाच आत येत.

सून म्हणाली, "बाबा, पाइप बंद. भाज्या धुतलेलं पाणी झाडाला घालू, सालं खड्ड्यात कुजवू. आणि पडलेली पानं बुंध्याभोवती राहू द्या, ओल टिकेल."

"म्हणजे कचरा पसरायचा?"

"पांघरूण घालायचं."

पानं पसरली. दुपारी घर झोपलं तसे काका उठले आणि सगळं झाडून आले. सुनेने पुन्हा पसरली, काकांनी पुन्हा झाडली. तिसऱ्यांदा झाडत होते, तेव्हा मात्र काकू दारातच उभ्या.

"हे काय चाललंय?"

"वारा आला होता गं."

"वाऱ्याच्या हातात झाडू असतो वाटतं."

सूनही मागून आली. "बाबा, टक्कल पडत चाललेल्या गिऱ्हाइकाचे केस तुम्ही कसे कापायचात?"

"हात आखडता घेऊन. उरलेसुरले असतात ते जपायचे."

"मग या जमिनीने तुमचं काय घोडं मारलंय? भर उन्हात चकोट करून ठेवलीत तिला."

काकांनी झाडाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. झाडू तिच्या हातात दिला, आतून जुना कंगवा आणला आणि गुडघे टेकून एकेक पान बुंध्याशी ओढू लागले. कड अशी गोल आखली, जणू लग्नाला निघालेल्याची मान कोरताहेत. काकूंना हसू आवरेना.

लिंबं धरायला अजून वेळ आहे. पण परवा काकूंनी फांदी वाकवून मला नखाएवढी पालवी दाखवली, आणि पदराने डोळे पुसले. पानं झाडाच्याच पायाशी गाळायची ही देवाची रीत. आपणच मधे झाडू घालतो.

काकांचा हात अजून शिवशिवतो म्हणे. म्हणून देवापुढे हात जोडाल तेव्हा त्यांनाही आठवा. एवढंच मागा, की पान पडलं तरी काका बसल्या जागी बसू देत.