मामाजींची कवळी

माझे सासरे घनश्याम, आमचे मामाजी, थंडीत गेले आणि त्यांची कवळी तयार झाली उन्हाळ्यात. फुलसावंगीत दातांचा डॉक्टर नाही, म्हणून मामाजींनी यवतमाळच्या एसटीत किती चकरा मारल्या! कधी डॉक्टर शिबिराला गेलेला, कधी घेतलेलं मापच बिघडलेलं. माणूस वर्षभर दुधात भाकर कुस्करून जगला आणि कुरडईच्या नुसत्या वासावर झुरला. त्या दवाखान्याचा मला अजून राग येतो.

फोन आला तेव्हा पलीकडची बाई म्हणाली, "पेशंटला सोबत आणा, तोंडात बसवून पाहावी लागते."

मी खरं सांगणार होते. सासूबाईंनी, म्हणजे कोकिळाबाईंनी, डोळे वटारून मला गप्प केलं. मग त्या एकट्याच जाऊन कवळी घेऊन आल्या. दुसऱ्या कोणाच्या तोंडात ती बसायची नाही, असं डॉक्टरने त्यांना बजावलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने एका जिवंत माणसाला पितर म्हणून जेवू घालतात. सासूबाईंनी शेजारच्या वामनकाकांना बोलावलं. काकांच्या तोंडाचं पार बोळकं झालेलं. ताटात आंब्याचा रस, पुरणपोळी आणि कुरडयांचा ढीग. ताट वाढून झाल्यावर सासूबाईंनी कवळी त्यांच्यापुढे धरली.

मी सासूबाईंचं मनगट धरलं. "आत्याबाई, तुमी हे काय करून राह्यल्या?"

"तू चूप बस. त्यायले एकदा तरी पोटभर चावून खाऊ दे."

वामनकाका बिचारे भिडस्त. त्यांनी ती तोंडात घातली. कट्‌ असा आवाज झाला आणि ती नीट बसली. त्यांचे खप्पड गाल भरून आले. कुरडई कुरकुर वाजू लागली. एरवी चिमणीएवढं खाणारा तो माणूस खातच राहिला. मी तळतच होते.

"वाढ अजून, कोके," ते म्हणाले.

वामनकाका सासूबाईंना वहिनी म्हणतात. कोके म्हणणारा या घरात एकच होता. काकांचे डोळे भेदरून माझ्याकडे पाहत होते, तोंड मात्र चालूच होतं.

पितराने हात धुतले की जेवण संपतं, तो उठून जातो. मी पाण्याचा तांब्या घ्यायला धावले. तांब्या जागेवर नव्हता. सासूबाईंनी तो मांडीवर घेऊन पदराखाली झाकला होता. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

"आताच तं आले," त्या म्हणाल्या. "कायले धाडून राह्यली त्यायले? जाय, कुरडया तळ."